आठ दिवस पिशवीत राहिलेला अर्ज

नव्या नर्सबाई आमच्या उपकेंद्रावर रुजू झाल्या, तेव्हा मला त्या गावात आरोग्य सेवक म्हणून सहा वर्षं होत आली होती. राजूर आणि हसनाबादच्या मधल्या पट्ट्यातलं गाव. एक्क्याऐंशी साली जालना जिल्हा औरंगाबादपासून वेगळा झाला आणि त्याच सुमारास माझी नेमणूक झाली, त्यामुळे जिल्हा आणि माझी नोकरी एकाच वयाची. काम ठरलेलं होतं. सायकलवर घरोघर जायचं, कुणाला ताप आहे का विचारायचं, असला तर बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, गोळ्या द्यायच्या आणि दाराशेजारच्या भिंतीवर गेरूनं त्या दिवसाची तारीख टाकायची. गावात एक भिंत नव्हती जिच्यावर माझं अक्षर नव्हतं. तरी सहा वर्षांत मला कुणी नावानं ओळखायला लागलं नाही. मी 'मलेरियावाले'. मी गल्लीत शिरलो की बाया पोरांना आत घ्यायच्या, कारण माझ्याकडे सुई होती.

नर्सबाई अंबड तालुक्यातल्या, वडीगोद्रीच्या बाजूच्या. वय पंचविशीचं. अंगानं किरकोळ, आवाज मात्र खणखणीत. सुई त्यांच्याकडे माझ्यापेक्षा मोठी होती, पण दोन महिन्यांत सगळं गाव त्यांना 'ताई' म्हणायला लागलं. सकाळी उपकेंद्राच्या पायरीवर कुणीतरी कांद्याची पात ठेवून जायचं, कुणी भाकरी आणि ठेचा. मला सहा वर्षांत चहा मिळाला होता, तोही अर्धा कप, सरपंचांच्या ओट्यावर.

माझी बायकोसुद्धा म्हणाली, "किती गोड बोलतात हो त्या. तुम्ही जरा शिका त्यांच्यापासून."

त्या रात्री मी जेवलो नाही. पोट बरं नाही म्हणून सांगितलं.

ती दोन-तीन वर्षं पाऊस हुलकावणी देत होता. विहिरी फेब्रुवारीतच तळाला जायच्या आणि ऊन मार्चपासून चटके द्यायला लागायचं. म्हातारी माणसं म्हणायची, असं ऊन पूर्वी नव्हतं. मला वाटायचं, म्हाताऱ्यांना सगळंच पूर्वी चांगलं वाटतं. गावापासून दोन मैलांवर रोजगार हमीतून पाझर तलावाचं काम निघालं होतं. लोक त्याला 'हमीचं काम' म्हणायचे. पुरुष टिकावानं खोदायचे, बाया टोपल्यातून माती वाहून बांधाच्या पाळीवर टाकायच्या. कामावर येणाऱ्यांत बायाच जास्त होत्या. काम सकाळी आठला सुरू व्हायचं, दुपारी जेवणापुरतं थांबायचं आणि पुन्हा संध्याकाळपर्यंत चालायचं. सावलीला एक बाभूळ. तिला लहान पोरांच्या झोळ्या टांगलेल्या. पाण्याला लोखंडी पिंप, ते उन्हातच ठेवलेलं, त्यामुळे दुपारी त्या पाण्यात चहापत्ती टाकली असती तरी चाललं असतं.

मी आठवड्यातून दोनदा तिथं जायचो. दुपारच्या वेळी बाया पडायच्या. कुणाला चक्कर, कुणाला उलटी, कुणाचं अंग तव्यासारखं तापलेलं. ताप म्हटलं की माझं काम लागायचं. मी रक्त घ्यायचो, गोळ्या द्यायचो, नोंदवहीत लिहायचो: नाव, वय, तारीख, वेळ, 'ताप'. रक्तात मलेरिया निघायचा नाही. मीही त्याच्यापुढे विचार करायचो नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये नर्सबाई एकदा माझ्याबरोबर आल्या. मी तासाभरात काम आटोपून निघालो, त्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेल्या. तिसऱ्या दिवशीही. पदर डोक्यावरून घेऊन दिवसभर त्या पाळीजवळ बसायच्या आणि वहीत काहीतरी लिहायच्या. चौथ्या दिवशी उपकेंद्रात आल्या आल्या मला म्हणाल्या, "दादा, तुमच्या मागच्या दोन उन्हाळ्यांच्या वह्या हाईत का?"

मी ट्रंकेतून काढून दिल्या. त्यांनी जमिनीवर बसून पानं उलटली, बोट फिरवत फिरवत वाचलं आणि एकदम मान वर केली. चेहरा उजळलेला.

"अहो, हे तर सगळं तुम्हीच लिहून ठेवलंय! बघा ना. बारा, साडेबारा, एक, दोन. सगळ्या बाया ह्याच वेळात पडल्यात. सकाळी एक बी न्हाई. हा मलेरिया न्हाई दादा, हे ऊन हाय. कामाची वेळच चुकलीय."

त्यांना मनापासून आनंद झाला होता. मला नाही. वह्या माझ्या, अक्षर माझं, सुई टोचलेली बोटं मी धरलेली. दोन उन्हाळे ते सगळं माझ्या हाताखालून गेलं होतं. जे मला दिसलं नाही ते चार दिवसांत तिला दिसलं, आणि ते दाखवताना तिला वाटत होतं की ती माझं कौतुक करतेय.

"मला माहीत होतं," मी म्हणालो. "पण आपल्या हातात काय आहे?"

ते खोटं होतं. मला माहीत नव्हतं.

त्यांनी माझं बोलणं खरं धरलं. म्हणाल्या, "आपल्या हातात न्हाई, पण ग्रामपंचायतीच्या तर हाय. ठराव करून तहसीलला देऊ."

दोन दिवसांनी त्या सरपंचांकडे गेल्या. मलाही सोबत नेलं. सरपंच साठीचे शेतकरी, बोलायला कडक, मनानं वाईट नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, उन्हाळ्यात ऊन लागणारच. त्याच्यावर ठराव कसा करू? उद्या म्हणाल, पावसाला सांगा."

"ऊन कमी करा म्हणत न्हाई मी," नर्सबाई म्हणाल्या. "काम सकाळी सहाला चालू करा, अकराला थांबवा, मंग ऊन उतरल्यावर चारला. बाभळीखाली एक छप्पर टाका, पाण्याला माठ ठेवा. एवढंच लिहा."

मुकादमालाही बोलावलं होतं. तो हसनाबादचा, दाढीवाला, सरळ मनाचा माणूस. तो काचकूच करू लागला. "ताई, बात बराबर है, लेकिन वरचे साहेब दुपारी येतात माप घ्यायला. दुपारी काम बंद दिसलं तर मला विचारतील. मैं क्या बोलू?"

"तुम्ही कागद दाखवा. म्हणून तर ठराव पाहिजे."

ग्रामपंचायतीची बैठक चावडीत झाली. बाया बाहेर, लिंबाखाली उभ्या. कधी चावडीसमोर न आलेल्या बाया होत्या त्या. सरपंचांनी विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" मग एक तिशीची बाई पुढे आली. तिचा नवरा जालन्याला लोखंडाच्या मिलमध्ये भट्टीवर कामाला होता आणि ती इथं दोन वर्षांच्या पोरीला झोळीत टाकून माती वाहायची. ती म्हणाली, "भाऊ, आमचा माणूस भट्टीवर जातो तर त्याला मालूम असतं आपण भट्टीवर चाललो. आम्हाला म्हणता तळ्यावर चला, आन भट्टीवर नेऊन राह्यले."

सगळे हसले. सरपंचही हसले. ठराव झाला.

नर्सबाईंनी त्याच संध्याकाळी अर्ज लिहिला. ठरावाची नक्कल, बायांची यादी, पडल्याच्या वेळा, सगळं जोडून पाकीट बंद केलं. दर सोमवारी काचपट्ट्या आणि टपाल घेऊन मी भोकरदनला जायचो. त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं. "दादा, तहसीलला द्या आन पोच घेऊन या. जल्दी व्हायला पाहिजे."

मी पाकीट खांद्याच्या पिशवीत टाकलं.

भोकरदनला बसमधून उतरलो. काचपट्ट्या दिल्या, दवाखान्याचं टपाल दिलं. तहसील कचेरी समोरच होती. मी फाटकापर्यंत गेलो. तिथं झाडाखाली उभा राहिलो आणि मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं: कामाची वेळ बदलली, बाया नर्सबाईंच्या भोवती जमल्या, जिल्ह्याचे साहेब आले, त्यांनी विचारलं, हे कुणी केलं, आणि सगळ्यांनी तिच्याकडे बोट दाखवलं. कुणीतरी म्हणालं, इथं सहा वर्षं एक मलेरियावाला पण होता म्हणे, त्याला कसं दिसलं नाही?

मी ठरवून काही केलं नाही. म्हणजे, आता हा अर्ज द्यायचाच नाही, असं काही मनात म्हटलं नाही. इतकंच म्हटलं, पुढच्या सोमवारी देऊ. गर्दी आहे. बस निघेल. गर्दी नव्हती, आणि बसला अजून पाऊण तास होता. मी उसाचा रस प्यायलो आणि परत आलो.

नर्सबाईंना सांगितलं, "कारकुनानं ठेवून घेतलं. साहेब नव्हते. पोच पुढच्या खेपेला देतो म्हणाला."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "काम झालं."

तो आठवडा मी कसा काढला हे नीट आठवतं, कारण मला त्रास झाला नाही. उलट बरं वाटत होतं. नर्सबाई रोज तळ्यावर जायच्या, बायांना सांगायच्या, आता चार-आठ दिवसांत हुकूम येईल. मी ऐकायचो आणि मला आतून एक थंड समाधान व्हायचं की तो हुकूम कधी येणार, हे माझ्या पिशवीला माहीत आहे, तिला नाही. पहिल्यांदाच काहीतरी असं होतं जे माझ्याकडे होतं आणि तिच्याकडे नव्हतं.

शनिवारी दुपारी मी तळ्यावर होतो. दीड वाजला असेल. पाळीच्या उतारावरून एक बाई टोपल्यासकट खाली आली. चावडीसमोर बोलली होती, तीच. मला आधी वाटलं पाय घसरला. जवळ गेलो तर डोळे पांढरे झालेले, अंगाला घाम नाही, कातडी कोरडी आणि इतकी गरम की हात मागे घ्यावासा वाटला. हातपाय झटके देत होते.

नर्सबाई धावत आल्या. क्षणभर थांबल्या नाहीत. चार बायांना लुगडी धरून सावली करायला लावली, तिच्या अंगावरचे कपडे सैल केले, माठातलं पाणी मानेवर, काखेत, मांड्यांवर ओतायला सुरुवात केली. दोन माठ त्यांनी स्वतःच्या खर्चानं आदल्याच दिवशी आणले होते. पदर भिजवून वारा घालायला लावला. मग माझ्याकडे बघून ओरडल्या, "दादा, बर्फ! कुठं मिळंल?"

राजूरच्या फाट्यावर गारेगारवाला उभा असायचा, त्याच्याकडे भुशात ठेवलेला बर्फ असायचा. मी सायकल घेतली. दोन मैल जायला आणि दोन मैल यायला. त्या दुपारी रस्त्यावर कुत्रं नव्हतं. डांबर चाकाला चिकटत होतं. माझ्या कानात भणभण होत होती आणि त्या भणभणीत एकच गोष्ट फिरत होती. सोमवार. सोमवार. मी त्या माणसाचा सगळा बर्फ पोत्यात भरून घेतला, कॅरिअरला बांधला आणि परत आलो तेव्हा माझी पँट मांडीपर्यंत वितळलेल्या पाण्यानं भिजली होती.

बर्फ बघून नर्सबाई "आलात!" एवढंच म्हणाल्या. पंधरा-वीस मिनिटांनी झटके थांबले. नंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून तिला भोकरदनला नेलं. नर्सबाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. ती दोन दिवस बेशुद्ध होती. वाचली. पण तिचा उजवा हात पुढं कायमचा थरथरत राहिला आणि उन्हात गेली की तिला भोवळ यायची.

गावात परत आलो तर चावडीवर हेच बोलणं. ताईनं वाचवली. ताई नसती तर गेली असती. खरंच होतं. मी चार मैल सायकल मारून बर्फ आणला, हे कुणाच्या तोंडी नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण त्या संध्याकाळी, त्या बाईचा जीव अजून टांगणीला असताना, माझ्या मनात आलं: बर्फ मी आणला होता.

सोमवारी पहिल्या बसनं मी भोकरदनला गेलो. बसमध्ये पाकीट बाहेर काढलं. घामानं त्याचा गोंद सुटला होता. आतला अर्ज मी वाचला. पहिलीच ओळ होती: 'आमच्या उपकेंद्राचे आरोग्य सेवक यांनी गेले दोन उन्हाळे नियमितपणे ठेवलेल्या नोंदींवरून असे आढळून आले आहे की...' त्यापुढे माझं पूर्ण नाव. त्यांचं स्वतःचं नाव फक्त शेवटी, सहीपुरतं.

त्या ओळीनं मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. आणखी जळलो. तिच्याकडे इतकं होतं की ती वाटून देऊ शकत होती, आणि मला हवं होतं तेही मला तिच्याच हातून मिळत होतं.

अर्ज दिला. कारकुनानं अर्जाच्या नकलेवर शिक्का मारला, तारीख टाकली. बुधवारी तहसीलदार आणि बांधकामाचे साहेब तळ्यावर आले. यादी वाचली, पिंपातल्या पाण्याला हात लावून बघितला. शुक्रवारी सकाळी मुकादमानं सहाला हजेरी घेतली. अकराला काम थांबलं. बाभळीशेजारी कपाशीच्या पऱ्हाट्यांचं छप्पर झालं. पंचायतीनं सहा माठ दिले. आडकाठी कुणाची आलीच नाही. मी पहिल्या सोमवारी अर्ज दिला असता, तर आदल्या शुक्रवारी हे सगळं झालं असतं. ती बाई शनिवारी पडली होती.

पोच मी सोमवारीच नर्सबाईंना घडी घालून दिली होती. त्यांनी ती उघडून पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि फायलीत ठेवली. दुसऱ्या दिवशी तळ्याच्या वाटेवर, मी सायकल हातात धरून चालत होतो आणि त्या माझ्या शेजारून, तेव्हा म्हणाल्या, "दादा, शिक्क्यावर ह्या सोमवारची तारीख हाय. कारकुनानं उशिरा मारला का?"

त्यांनी मला रस्ता काढून दिला होता. 'हो' म्हटलं असतं तर विषय संपला असता. त्यांनी कधी पुन्हा विचारलं नसतं, आणि मी त्यांना ओळखत होतो, त्यांनी ते खरं मानलं असतं. पण ते मानणंसुद्धा तिचा मोठेपणा झाला असता, आणि तो मला सहन होत नव्हता.

"न्हाई," मी म्हणालो. "माझ्याकडंच होता."

"राहून गेला?"

"ठेवला."

त्या चालायच्या थांबल्या. "का हो?"

"तुमचं चांगलं झालेलं मला बघवत न्हाई म्हणून."

एवढं उघड मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. त्यांच्या चेहऱ्यावर राग आला, तो मी पाहिला. ओठ घट्ट झाले, डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाल्या, "मी वर कुणाला कळवणार न्हाई. पण त्या बाईला सांगायचं का न्हाई, ते तुमचं तुम्ही बघा." आणि माझ्या पुढे चालू लागल्या. त्या दिवशी त्यांनी मला 'दादा' म्हटलं नाही.

मी आठ दिवस टाळलं. नवव्या दिवशी त्या बाईच्या घरी गेलो. सकाळची वेळ. ती दाराच्या सावलीत बसून डाव्या हातानं ज्वारी निवडत होती. पोरगी शेजारी धान्य चिवडत होती. मला बघून तिनं सुपातला हात काढला. "या. रक्त घ्यायचंय का?"

"रक्त न्हाई. एक सांगायचंय."

मी उभ्यानंच सांगितलं. अर्ज, पिशवी, सोमवार, सगळं. ती ऐकत होती. पुरतं कळलं की नाही असं वाटून मी पुन्हा सांगू लागलो, तर तिनं हात वर केला.

"समजलं मला. मी येडी न्हाई." मग तिनं विचारलं, "ताईंला माहीत हाय?"

"हाय."

"त्या काय म्हणल्या?"

"तुम्हाला सांगायचं का न्हाई ते मी ठरवायचं, म्हणल्या."

ती मान हलवत राहिली. "अशी हाय बघा ती. दुसरी असती तर गावभर केलं असतं."

आणि मी, जिचा हात माझ्यामुळे थरथरत होता तिच्या दारात उभा, ते ऐकून पुन्हा जळलो. तिथंसुद्धा. मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल, निदान त्या तरी माझ्या असतील. तिनं शिव्या दिल्या नाहीत, माफही केलं नाही. म्हणाली, "तुम्ही आला ते बरं केलं. पण बरं केलं म्हणून माझा हात थांबला का? मला आता टोपलं उचलत न्हाई. मुकादमाला सांगा, सावलीत बसून पाणी वाटायचं आन पोरांकडं बघायचं काम मला द्यायला. हजेरीवर नाव लावून. एवढं करा, बाकी तुमचं तुमच्याजवळ."

ते मी केलं. मुकादम लगेच "बिलकुल देतो" म्हणाला, पण वरच्या साहेबांना ते पटवायला मला तीन हेलपाटे पडले. छपराखाली पाणी वाटायला बाई असावी असं कागदावर आलं. ती त्या तळ्याचं काम संपेपर्यंत तिथं होती. माझ्याशी बोलायची ते कामापुरतं.

पुढच्या वर्षी जिल्हा परिषदेनं जालन्याला कार्यक्रम घेतला. आमच्या तळ्यावरच्या वेळा बाकीच्या तालुक्यांतल्या कामांनाही लागू केल्या होत्या, आणि नर्सबाईंना शाल-श्रीफळ द्यायचं होतं. मी तिसऱ्या ओळीत बसलो होतो. त्यांना बोलायला लावलं तेव्हा त्या म्हणाल्या, "नोंदी आमच्या दादांच्या होत्या. मी फकस्त वाचल्या." लोकांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं, टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. त्या वर्षभरात आमच्यात जेवढं बोलणं झालं असेल, त्यातलं ते सगळ्यात अवघड वाक्य त्यांनी माझ्यासाठी म्हटलं होतं, हे मला कळत होतं. आणि तरीही शाल कशी दिसते, कोणत्या रंगाची आहे, याच्यावरून माझी नजर हटत नव्हती. शाल जांभळी होती. आजही सांगू शकतो, काठ कसा होता.

दोन वर्षांनी त्यांची बदली त्यांच्या माहेरच्या बाजूला, अंबडकडे झाली. निरोपाला अख्खं गाव फाट्यापर्यंत गेलं. मीही गेलो. बसच्या खिडकीतून त्या म्हणाल्या, "वहीत वेळ लिहायची सोडू नका." मी म्हणालो, "न्हाई सोडत." सोडलीही नाही. पण त्या गेल्यावर मला सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. एखाद्या घरी चांगलं काम झालं की मी मनात मोजायचो, हे तिच्यापेक्षा बरं झालं का.

दोन हजार साल उलटून गेलं होतं. मी आरोग्य सहाय्यक झालो होतो, चष्मा लागला होता. पुन्हा पावसानं ओढ दिली होती आणि जाफराबादच्या रस्त्यावर हमीचं काम निघालं होतं. एप्रिलच्या अखेरीला मी तिथं पाण्याचे नमुने घ्यायला गेलो. साडेदहा वाजले होते, लोक आवरायला लागले होते. लाकडी फळीवर खडूनं लिहिलं होतं: सकाळी ६ ते ११, दुपारी ४ ते ७. छप्पर होतं, माठ होते.

मी एका बाईला सहज विचारलं, "ही वेळ कुणी ठरवली?"

"सरकारनं. पहिल्यापासून अशीच हाय."

"पहिल्यापासून?"

"मंग! उन्हात कोण काम करंल?"

मला आनंद झाला. आधी तोच झाला, हे कबूल करतो. नर्सबाईंचं नाव पुसलं गेलं होतं. मैदान मोकळं होतं, तिथं आता ती नव्हती आणि मीही नव्हतो, आम्ही दोघं बरोबरीचे झालो होतो. तो आनंद मी मिनिटभर तोंडात धरून ठेवला. मग माठातलं पाणी प्यायलो, चष्मा पुसला आणि म्हणालो, "पहिल्यापासून नव्हती. सांगतो."

बाया छपराखाली बसल्या, मी बाहेर कडेला. मी सांगितलं. तळ्याचं, बाभळीचं, पाळीजवळ चार दिवस वही घेऊन बसलेल्या नर्सबाईंचं, ठरावाचं. त्यांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. एकीनं विचारलं, "आन तुम्ही काय करत होता तवा?"

मी तेही सांगितलं. सोमवार, शनिवार, थरथरणारा हात. कुणी माझ्याकडे बघत होतं, कुणी नव्हतं. अकरा वाजून गेले होते आणि ऊन माझ्या पाठीवर आलं होतं. विचारणारी बाई थोडी सरकली, शेजारची जागा तिनं हातानं झाडली आणि म्हणाली, "इकडं सावलीत या. उन्हात बसून राह्यले."